स्पोर्ट्स कारचा झिजलेला क्रँक: घासायचा की बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आमचं क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनात पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा मापात घासण्याचं, काम वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय. ट्रॅक्टर, ट्रक आणि विहिरीवरची इंजिनं यांवरच आमचं घर चाललं. अलीकडे मात्र धुळे, चोपडा, शहादा, रावेर अशा सगळीकडून बुटक्या, दोन दारांच्या गाड्यांचे क्रँकही आमच्या बाकड्यावर यायला लागलेत. लोक फोनवर तेच ते प्रश्न विचारतात आणि मशीन चालू असताना उत्तर नीट देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

"भाऊ, गाडी ठकठक करी राहिनी. क्रँक गेला का?"

नुसत्या आवाजावरून क्रँकचा निकाल लावू नका. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक झाली आणि पाच-दहा सेकंदांत थांबली, तर बहुतेक वेळा ती टॅपेटची किंवा टायमिंग चेनच्या टेन्शनरची असते. बिग एंडचा, म्हणजे पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला जोडलेला असतो तिथल्या बेअरिंगचा, आवाज वेगळा. इंजिन गरम झाल्यावर अडीच-तीन हजार आरपीएमला धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडा. त्या क्षणी लोखंडावर हातोडी पडल्यासारखी ठणठण आली, तर संशय बिग एंडवर. मग एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर थोडा वेळ काढून बघा. ज्या सिलिंडरला आवाज दबतो, त्याच्याच क्रँक पिनवर (रॉड बसतो त्या जागी) खेळ आहे. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज याहून जाड असतो. तो चढावर, लोडवर येतो आणि कानापेक्षा पायाला जास्त कळतो. क्लच दाबल्यावर पुढची पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलंय.

यानंतर ऑइल प्रेशर तपासा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. प्रेशर अगदी तळाला गेल्याशिवाय तो लागत नाही आणि तोवर बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सेन्सर काढून तिथे काट्याचा गेज लावा. गरम तेलावर दर हजार आरपीएममागे साधारण दहा पीएसआय मिळायला हवं, असा जुना अंदाज आहे. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच प्रमाण मानायचा.

शेवटची परीक्षा ऑइल फिल्टरची. फिल्टर कापून आतला कागद पसरवा आणि उन्हात धरा. करडी, मऊ पेस्ट बोटाला लागली तर बेअरिंगचा वरचा थर जातोय. तांब्याच्या रंगाचे चमचमणारे कण दिसले तर वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडलाय. असा कागद बघितला की मी मालकाला एवढंच सांगतो, "दादा, आता किल्ली लावू नका."

गाडी चालवत आणली तर चालेल का?

नाही. दोन किलोमीटरही नाही. सपाट बॉडीच्या टो-ट्रकवरच आणा. आज पॉलिश मारून वाचणारा क्रँक त्या दोन किलोमीटरांत घासण्यापलीकडे जाऊ शकतो.

क्रँक झिजतोच कशाने? गाडी तर फारशी चाललेली नाही.

क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकून फिरत नाहीत. मध्ये तेलाची पातळ फिल्म असते आणि क्रँक त्या फिल्मवर तरंगतो. फिल्म तुटली की झीज सुरू. म्हणून किलोमीटर किती झाले, हा प्रश्न मी नंतर विचारतो. आधी विचारतो ते तेल कोणतं टाकलं, शेवटचं कधी बदललं आणि गाडी खालून कुठे आपटली का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भागात फार वेळा "हो" असतं. तालुक्याच्या रस्त्यांवरचे गतिरोधक उंच आणि स्पोर्ट्स कारचं चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) जमिनीपासून जेमतेम वितीवर. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातला एक तरुण दोन सीटांची गाडी घेऊन आला. बाहेरगावच्या एका वर्कशॉपने त्याला नवा क्रँक आणि नवी बेअरिंगं टाकून दिली होती आणि चार महिन्यांत पुन्हा तोच आवाज सुरू झाला होता. आम्ही क्रँक मोजायच्या आधी चेंबर उलटं करून बघितलं. मधोमध तळहाताएवढा पोचा होता. त्या पोच्यामुळे पत्रा आतल्या तेल ओढणाऱ्या जाळीला जवळजवळ चिकटला होता. कमी आरपीएमला पंपाला तेल पुरायचं, पाच हजारांच्या वर गेलं की पंप उपाशी. म्हणजे पहिला क्रँक त्या पोच्याने खाल्ला आणि दुसराही. पोचा तसाच राहिला असता, तर आम्ही केलेलं कामही तिसऱ्यांदा वाया गेलं असतं. त्या मुलाने दोन क्रँकचे पैसे मोजले होते आणि गरज होती एका चेंबरची. हे मला आजही खूप लागतं. म्हणून कारण सापडल्याशिवाय मी क्रँकला हात लावत नाही, मग मालक कितीही घाईत असो.

बाकीची कारणंही सांगतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात बिजासन घाट चढताना टर्बो इंजिनातलं तेल फार तापतं, आणि ते आधीच जुनं असेल तर फिल्म टिकत नाही. फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून काळ्या मातीची धूळ तेलात उतरते. जोराच्या वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला पळतं आणि जाळी क्षणभर हवा ओढते. याचसाठी अस्सल स्पोर्ट्स गाड्यांच्या चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या असतात, काहींमध्ये तेलाची टाकीच वेगळी असते. इंजेक्टर गळत असेल तर पेट्रोल तेलात मिसळून तेल पातळ होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर तिकडे बघा.

घासून चालेल की नवीनच टाकावा लागेल?

हे मोजमापावर ठरतं. आमच्याकडे क्रँक आला की आधी धुतो आणि एक रात्र शेडच्या आतल्या खोलीत मायक्रोमीटरशेजारी ठेवतो. मालकांना हा वेळकाढूपणा वाटतो, त्यामुळे कारण सांगतो. मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. ५० मिलिमीटरचं जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ४५ अंशांना साधारण ०.०१४ मिलिमीटरने फुगतं. बेअरिंगमधली मोकळी जागा असते ०.०५ च्या आसपास. म्हणजे उन्हात तापलेला क्रँक थंड मायक्रोमीटरने मोजला, तर मोकळ्या जागेच्या पाव हिश्शाएवढी चूक मोजमापातच झाली. ट्रॅक्टरला ती चूक पचते. आठ हजार आरपीएमच्या इंजिनाला पचत नाही.

मग प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचं. समजा पुस्तकात माप ४८.००० मिलिमीटर आहे. उभ्या दिशेला ४७.९९० आलं आणि आडव्या दिशेला ४७.९६५, तर जर्नल अंडाकार झालंय. एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी आलं, तर ते निमुळतं झालंय. मॅन्युअलमधली मर्यादा बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. त्यानंतर नख फिरवतो. जर्नलवरून अंगठ्याचं नख आडवं ओढलं आणि कुठेही अडकलं नाही, माप मर्यादेत असेल, तर फक्त पॉलिश. नख अडकलं तर घासावं लागणार.

घासण्याचं पहिलं माप पाव मिलिमीटर, आपल्या बाजारात ज्याला 'दहाची साइज' म्हणतात. व्यासातून पाव म्हणजे एका बाजूने जेमतेम सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओरखडा त्याहून खोल असेल तर वीसची साइज. पण इथे एक गोष्ट नक्की पाळायची: ग्राइंडिंगच्या आधी बेअरिंग हातात हवं. आजच्या बऱ्याच स्पोर्ट्स इंजिनांना कंपनी अंडरसाइज, म्हणजे घासलेल्या क्रँकच्या मापाचं, बेअरिंग देतच नाही. क्रँक सुंदर घासला आणि त्या मापाचं बेअरिंगच मिळालं नाही, तर हातात उरतं फक्त भंगार.

आणि मोजायच्याही आधी भेग तपासायची. क्रँकमध्ये चुंबकत्व भरून वर लोहकणांचं द्रावण सोडायचं आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. भेग असेल तिथे कण जमून केसासारखी चमकती रेघ उमटते, बहुतेक वेळा जर्नल आणि वेब (जर्नलना जोडणारी जाड भिंत) यांच्या कोपऱ्यातल्या गोलाईत. रेघ दिसली की तो क्रँक संपला. त्यावर पुढे कसलीही चर्चा नको.

नायट्रायडिंग म्हणजे काय? ते करावंच लागतं का?

क्रँकचा पृष्ठभाग कडक करण्याचे दोन प्रकार नेहमी भेटतात. एक इंडक्शन हार्डनिंग. यात कडक थर दोन-चार मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे पाव-अर्धा मिलिमीटर काढला तरी थर शिल्लक राहतो. दुसरा नायट्रायडिंग. यात पोलादात नायट्रोजन मुरवलेला असतो, पण थर फार पातळ, आणि त्यातला खरा कडक भाग तर अगदी वरवरचा. असा क्रँक घासला की कडकपणा चक्कीच्या दगडाबरोबर निघून जातो. तो परत नायट्राइड करावा लागतो आणि त्यानंतर पुन्हा सरळपणा तपासावा लागतो, कारण भट्टीत क्रँक थोडा वाकू शकतो. ही भट्टी आमच्याकडे नाही, आम्ही क्रँक पुण्याला पाठवतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीत नुसता गोणपाटात गुंडाळून कधीच पाठवत नाही. जर्नलना तेल, त्यावर तेलकट कागद, आणि मग लाकडी खोक्यात दोन मेन जर्नलवर टेकवून.

आणखी एक बारकी गोष्ट. काही क्रँकच्या गोलाईवर कारखान्यातच रोलर दाबून पृष्ठभाग घट्ट केलेला असतो. ग्राइंडिंगचा दगड त्या गोलाईत शिरला, तर ताकदीचा मोठा हिस्सा गेला. म्हणून दगडाच्या कोपऱ्याला गोलाईचं नेमकं माप द्यावं लागतं. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडे स्पोर्ट्स कारचा क्रँक देऊ नका.

जळगाव-धुळ्यात हे काम होतं का, की थेट पुणे-मुंबईच गाठायची?

होतं, पण सगळं नाही, आणि सगळ्यांकडे नाही. आपल्या भागातल्या कारागिरांचा हात फार चांगला आहे. ट्रॅक्टरचा क्रँक ते डोळे मिटून घासतात. अडचण वेगळी आहे. ट्रॅक्टर दोन-सव्वादोन हजार आरपीएमला चालतो, स्पोर्ट्स कार आठ हजारांपर्यंत जाते. फिरणाऱ्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग चौपट तर जोर सोळापट. ट्रॅक्टरला चालून जाणारी घाई इथे चालत नाही. मोजमाप, ग्राइंडिंग आणि पॉलिश आम्ही इथेच करतो. नायट्रायडिंग आणि व्ही-सिक्स, व्ही-एटचं बॅलन्सिंग बाहेर.

कारागीर पारखायला एक प्रश्न विचारा: "पॉलिश कुठल्या दिशेने मारता?" ग्राइंडिंग करताना क्रँक इंजिनातल्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरवायचा आणि शेवटचं पॉलिश मात्र इंजिन फिरतं त्याच दिशेने मारायचं, म्हणजे धातूचे सूक्ष्म काटे आडवे झोपतात आणि बेअरिंग खरवडत नाहीत. ओतीव क्रँकला तर हे जास्तच लागू. समोरच्याने न थांबता उत्तर दिलं, तर क्रँक तिथे खुशाल ठेवा.

फक्त बेअरिंगं बदलून भागेल का?

जर्नल मापात असेल तर हो, आणि वेळेत केलं तर हा सगळ्यात शहाणा खर्च. काही इंजिनांची बेअरिंगं क्रँकला धक्का लागायच्या आधीच बदलतात. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-थ्रीमधल्या एस-५४ इंजिनाची बिग एंड बेअरिंगं कंपनीने स्वतः मोहीम काढून बदलून दिली होती.

बेअरिंग निवडताना क्रँकच्या वेबवर आणि ब्लॉकवर कोरलेली अक्षरं किंवा आकडे आधी लिहून घ्या. होंडासारख्या कंपन्या त्या खुणांवरून रंगाच्या टिपक्याची बेअरिंगं जुळवतात, आणि एका रंगाचा फरक दोन-चार मायक्रॉनचा असतो. 'स्टँडर्ड साइज' एवढं सांगून दुकानातून सेट आणला, तर ही निवड तुम्ही दुकानदारावर सोडली.

झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून घासता येतो ना? आमच्या मिस्त्रीने ट्रकचा केलाय.

ट्रकला, जनरेटरला होतो. उच्च आरपीएमच्या इंजिनासाठी मी करत नाही आणि करूही देत नाही. वेल्डच्या उष्णतेने आतला पोत बदलतो आणि भेग तिथूनच निघते.

सुटे भाग मिळतच नाहीत, मग?

गाडीचं नाव सांगून भाग शोधू नका, इंजिनाचा कोड सांगा. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मला आत रेनोचं छोटं इंजिन होतं, डीसी अवंतीलाही रेनोचंच दोन लिटर टर्बो. गाडी दुर्मिळ असली तरी इंजिन दुर्मिळ असेलच असं नाही. ब्लॉकवरचा कोड स्वच्छ पुसून त्याचा फोटो पाठवा.

जुना क्रँक भंगारबाजारातून मिळत असेल, तर भेग तपासणी आणि मोजमाप आमच्यासमोर होईपर्यंत पैसे पूर्ण देऊ नका. मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या क्रँकचा चकचकीतपणा बहुधा एमरी पेपरचा असतो, आणि हाताने मारलेल्या एमरीने जर्नल गोल राहत नाही.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली. क्रँकला धोका आहे का?

आहे. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं आणि त्याच वेळी इंजिन फिरत असेल, तर पिस्टन वर येताना थांबतो आणि रॉड वाकतो, कधी क्रँकही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्याकडे अशी इंजिनं ओळीने आली. सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं झालं, ज्यांनी पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघितला. सेल्फ मारू नका. प्लग काढा, हाताने इंजिन फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. विम्यात इंजिन संरक्षणाचा वेगळा भाग घेतलाय का तेही बघा, कारण साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा येत नाही.

क्रँक वाकलाय का हे बघायला तो दोन टोकांच्या जर्नलवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवायचा, मधल्या जर्नलवर डायल गेज लावून हळू फिरवायचा. काटा मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांच्या पुढे नाचला तर सर्व्हिस मॅन्युअल उघडून निर्णय घ्यायचा.

बॅलन्सिंग कधी लागतं?

नुसतं पाव मिलिमीटर घासलं तर फरक नगण्य. पिस्टन, रॉड, फ्लायव्हील किंवा पुढची डॅम्पर पुली बदलली असेल, किंवा क्रँक नवाच असेल, तर करून घ्या. व्ही-एटला पिनांवर ठरावीक वजनं बांधून करावं लागतं, त्यासाठी पिस्टन-रॉडचं वजन ग्रॅममध्ये लागतं. जुनी डॅम्पर पुली आतलं रबर तडकलेलं असेल तर परत लावू नका. क्रँकचा पीळ शोषायचं काम तीच करते.

इंजिन बांधताना मी मालक म्हणून काय बघावं?

समोर उभे राहा. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

पहिलं, क्रँकमधली तेलाची भोकं. त्यांची बुचं काढून आतून ब्रश फिरवलाय का? ग्राइंडिंगची भुकटी तिथे चिखलासारखी बसते आणि पहिल्याच मिनिटात नव्या बेअरिंगला खाते. दुसरं, ऑइल कूलर. बेअरिंग फुटलेल्या इंजिनाचा कूलर धुऊन साफ होत नाही, बारीक नळ्यांत कण अडकून राहतात. तो बदलाच. चांगली बांधलेली इंजिनं मी यापायी गेलेली पाहिलीत. तिसरं, मोकळ्या जागेचं मोजमाप. प्लास्टिगेजचा केसाएवढा धागा जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता परत काढायची आणि चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर जुळवायची. हे प्रत्येक जर्नलला व्हायला हवं. आणि ठरावीक अंशांच्या कोनात आवळायचे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात, जुने परत लावू देऊ नका.

आरटीओत काही नोंद करावी लागते का?

क्रँक बदलला तर नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक किंवा पूर्ण इंजिनच बदललं, तर मात्र आरसी बुकात नोंद हवी, मग गाडी एमएच-१९ असो, १८ असो की ३९. जुन्या इंजिनाचं बिल जपून ठेवा.

खर्च आणि दिवस?

ग्राइंडिंगचा खर्च एकूण बिलात छोटा असतो. मोठा खर्च इंजिन उतरवून उघडण्याचा, गॅस्केट, बोल्ट, बेअरिंग आणि परदेशातून येणाऱ्या भागांचा. आमचं काम दोन-तीन दिवसांचं, पण बेअरिंग यायला कधी दीड महिना लागतो. सपाट सहा सिलिंडरवाल्या पोर्शेसारख्या इंजिनात क्रँक हा केसच्या (इंजिनाच्या कवचाच्या) दोन अर्धांमध्ये अडकलेला असतो, तिथे पूर्ण इंजिन उकलल्याशिवाय क्रँक हातात येत नाही. लग्नसराईत गाडी हवी म्हणून चैत्रात फोन करणाऱ्यांना मी आधीच नाही सांगतो.

पहिल्यांदा सुरू करताना आणि नंतर काय काळजी घ्यावी?

प्लग काढून आणि इंधन तोडून, सेल्फवर थांबत-थांबत इंजिन फिरवा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. मगच प्लग लावा. सुरू झाल्यावर प्रेशर बघत वीस मिनिटं चालू द्या. पहिलं तेल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरला बदला, आणि तो फिल्टर फेकू नका, माझ्याकडे कापायला घेऊन या. कागद स्वच्छ निघाला तर हायवेवर धुळ्यापर्यंत मोकळेपणाने जा. पण तेल गरम व्हायच्या आधी चार हजारांवर नेऊ नका. पाण्याचा काटा मधोमध आला तरी तेल तापायला त्याहून दुप्पट वेळ लागतो, अगदी आपल्या मे महिन्यातसुद्धा.